सुंगटांची पिल्लं मोजायची आहेत? मग आधी पाणी मोजा

मी एमएस्सीला असताना गोव्यातल्या मांडवी नदीच्या तोंडापासून रायबंदरपर्यंत फिरून अकरा बाटल्या सँपल आणलं होतं. तीन आठवडे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, मान आखडली, आणि शेवटी वहीत लिहिलं की स्टेशन २ ला सुंगटांचे (घाटावर कोळंबी म्हणतात) ४१२ लार्व्हा, म्हणजे पिल्लं, मिळाले. सरांनी एकच विचारलं, किती पाण्यात? जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणाऱ्या फ्लोमीटरचं मी शेवटचं रीडिंग लिहिलं होतं, सुरुवातीचं लिहायचं राहिलं होतं. अकराच्या अकरा बाटल्या वाया. ते ४१२ दहा घनमीटर पाण्यातले की शंभर घनमीटरातले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच पोरांना मी हे काम शिकवलंय आणि दरवेळी तेच तेच बोलावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. कॉलेजचं प्रोजेक्ट असो, कुणाला खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मत्स्यशेतीसाठी बघायचं असो, किंवा नुसती हौस असो, पद्धत तीच.

आधी, मोजतोय काय

बाजारात जी सुंगटं आपण घेतो ती बहुतेक पेनीड कुळातली. यांची मादी अंडी पोटाला चिकटवून फिरत नाही, सरळ समुद्रात सोडून देते. एकेका मादीची अंडी हजारोंनी, मोठ्या जातीत लाखोंनी. साधारण अर्ध्या-पाऊण दिवसात त्यातून नॉप्लियस बाहेर पडतो, अर्धा मिलिमीटरही नसतो, तोंड चालत नाही, पोटातल्या बलकावर दोनेक दिवस काढतो. मग प्रोटोझोइया, तीन अवस्था, हा सूक्ष्म शेवाळ खातो. मग मायसिस, याच्याही तीन अवस्था, हा बारीक प्राणी पकडून खायला लागतो. आणि मग पोस्टलार्व्हा, म्हणजे दिसायला पूर्ण सुंगटच पण काचेसारखं पारदर्शक आणि नखाएवढंही नाही.

अंड्यापासून इथपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात आणि एवढ्या वेळात बहुतेक जातींची पिल्लं किनाऱ्याकडे सरकून नदीच्या तोंडातून आत शिरतात. खारफुटीच्या मुळांत, खाजनाच्या चरांत काही महिने वाढतात आणि मोठी व्हायला लागली की परत समुद्राकडे. मानशीला (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराला) जाळं लावून रात्री जी सुंगटं धरतात ती ही परत निघालेलीच असतात. सगळ्या जाती मात्र असं करत नाहीत. पॅरापेनिऑप्सिस स्टायलिफेरा ही जात सगळं आयुष्य समुद्रातच काढते, तिची पिल्लं मांडवीतल्या चोडण बेटापाशी शोधत बसलात तर हात हलवत परत याल. याउलट मेटापिनियस डॉब्सोनी, मेटापिनियस मोनोसेरॉस, पांढरी मर्ग्विएन्सिस, यांना खाडी लागतेच.

हे एवढं आधी सांगायचं कारण असं की "लार्व्हा किती" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या अवस्थेतले किती, असं विचारायचं. नॉप्लियस सापडला म्हणजे अंडी परवा-तेरवा जवळपास पडलीत. पोस्टलार्व्हा सापडला म्हणजे तो पंधरा-वीस दिवस कुठून तरी वाहत आलाय. दोघांची बेरीज करून एकच आकडा लिहिलात तर दोन्ही माहिती घालवलीत.

स्टेशनं कुठे धरायची

गोव्यात सोय अशी की मांडवी आणि झुआरी दोन्ही हाताशी आहेत, मध्ये कुंभारजुव्याचा कालवा त्यांना जोडतो, आणि बाहेर लगेच उघडा समुद्र. मांडवीत भरती गांज्यापर्यंत जाणवते, म्हणजे पन्नासेक किलोमीटर आत. एवढं सगळं कव्हर करायची गरज नाही. पहिल्यांदा करत असाल तर एक रेघ धरा: बाहेर कांदोळीसमोर २० मीटर खोलीवर एक, १० मीटरवर एक, आग्वादच्या उपसागरात एक, मग रायबंदरला एक आणि वर दिवाडीच्या आसपास एक. झुआरीत करायचं तर दोनापावला, कुठ्ठाळी, बोरी पूल. पाच स्टेशनं नीट झाली तर पंधरा अर्धवट स्टेशनांपेक्षा बरी, हे मी स्वतः पंधराचा प्लॅन करून तिसऱ्याच महिन्यात गुंडाळल्यावर शिकले.

जीपीएसची जागा लिहून ठेवा, मोबाईलमधला चालतो. किनाऱ्यावरची खूण पण लिहा, मोबाईल पाण्यात पडतो.

चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि पावसाळ्यात मांडवीच्या तोंडातून बाहेर जायचं डोक्यातही आणू नका, आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, खनिजाच्या मोठ्या बार्जी सुद्धा त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीकडे वळवायचे ते उगाच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मालीम जेटीवर ट्रॉलर उभे असतात, त्यामुळे बाहेरच्या स्टेशनांचे ते दोन महिने तुमच्या तक्त्यात रिकामेच राहणार. रिकामे म्हणजे "नाही गेलो". शून्य नव्हे. हा फरक पुढे परत येईल.

कधी जायचं (इथेच सगळे चुकतात)

पोरं काय करतात, सकाळी नवाला होडीवाल्याला बोलावतात, दुपारपर्यंत सगळी स्टेशनं उरकतात आणि जेवायला घरी. आता विचार करा, पहिल्या स्टेशनला भरती चालू होती आणि शेवटच्याला सुकती (ओहोटी) लागली होती. मग पहिल्यात जास्त आणि शेवटच्यात कमी मिळाले तर ते जागेमुळे की पाण्याच्या दिशेमुळे? सांगता येत नाही.

पोस्टलार्व्हा नुसते वाहून येत नाहीत हो, ते पाण्याचा वापर करतात. भरतीला वर पाण्यात उठतात, आत ढकलले जातात, सुकती लागली की तळाला जाऊन बसतात म्हणजे परत बाहेर वाहून जायला नको. बऱ्याच पेनीड जातींत हे दिसलंय आणि त्यातही रात्रीच्या भरतीला जास्त. दिवसा ते तळाजवळ असतात, शिवाय डोळे चांगले असल्यामुळे येणारं जाळं बघून सटकतात. म्हणून सकाळी नऊच्या सुकतीला वरच्या पाण्यात जाळं ओढून "मांडवीत पोस्टलार्व्हा नाहीत" असं लिहिणं म्हणजे रात्री बारा वाजता मासळी बाजारात जाऊन गोव्यात मासे मिळत नाहीत असं म्हणण्यासारखं आहे.

तेव्हा असं करा. मुरगावचं भरतीचं वेळापत्रक घ्या. नदीत वर जाल तशी भरती उशिरा पोचते, तो उशीर होडीवाल्याला विचारा, त्याला पाठ असतो. सगळी स्टेशनं एकाच प्रकारच्या पाण्यात घ्या, म्हणजे सगळी भरतीच्या मधल्या दोन-तीन तासांतच. एका दिवसात जमत नसेल तर दोन दिवस लागोपाठ जा पण वेळ तीच भरतीची धरा. उधाण (पुनव-आवसेची मोठी भरती) की भांग (मधल्या दिवसांतली लहान भरती) तेही लिहा, कारण उधाणाला मुरगावला पाणी दोनेक मीटर वर-खाली होतं आणि भांगाला त्याच्या निम्म्यावर येतं, आत शिरणाऱ्या पाण्याचा जोरच वेगळा. पुनव-आवसेच्या आसपास महिन्यातून एकदा, हे सगळ्यात सोपं वेळापत्रक. चंद्र विसरायला होत नाही.

आणि वर्षातून निदान दोनदा एका जागी ठाण मांडून २५ तास सँपलिंग करा, दर तीन तासांनी एक ओढ (एकदा जाळं ओढणं). २५ का, तर भरतीची दोन पूर्ण चक्रं २४ तास ५० मिनिटांत होतात. झोप मोडते, डास फोडून काढतात, पण तुमच्या जागेवर दिवस-रात्र आणि भरती-सुकतीचा फरक किती हे त्याशिवाय कळणार नाही आणि तो फरक कळला नाही तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा. मी आगशीला केलं तेव्हा आईने डबा आणि गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर दिली होती, पहाटे तीनला जाळ्यात जिवंत गालमो आणि डब्यात सुका गालमो असा योग आला.

जाळं

प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) धरायचं नेट म्हणजे नायलॉनच्या बारीक जाळीचा शंकू, पुढे कडं, मागे बादलीसारखा डबा ज्याला कॉड एंड म्हणतात. आपल्याकडे हेरॉन-ट्रँटर नेट जास्त वापरतात, तोंडाचं क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर. स्वतः बनवायचं तर कड्याचा व्यास ५६.४ सेमी धरा, बरोबर ०.२५ येतं. शिंप्याकडून शिवून घेता येतं, फक्त शिवण दुहेरी मारायला सांगा आणि पहिल्यांदा वापरण्याआधी प्रकाशात धरून बघा.

जाळीचं भोक किती? २०० मायक्रॉन घ्या. ३०० ची जाळी भराभर पाणी सोडते, चिखलात कमी तुंबते, मायसिस आणि पोस्टलार्व्हा छान धरते, पण नॉप्लियस आणि अंडी निसटतात. ५०० ची जाळी म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. कुठलीही घ्या, पण वर्षभर बदलू नका, आणि रिपोर्टमध्ये लिहा. दोन वेगळ्या जाळ्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे रिपोर्ट मी बघितलेत, डोकं दुखतं.

शंकू लांब हवा. जाळीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या निदान तिप्पट, चिखलाच्या खाडीत पाचपट असलं तर बरं. नाहीतर पाणी आत जायच्या ऐवजी तोंडावरूनच परत फिरतं.

तोंडात फ्लोमीटर लावायचा, अगदी मधोमध नको, जरा बाजूला, कारण पुढच्या दोऱ्यांच्या गाठीमागे पाणी संथ असतं. बरेच कॉलेजवाले जनरल ओशियानिक्सचा वापरतात, पंखा फिरतो आणि सहा आकडी काउंटर पुढे सरकतो. स्टार्ट आणि एंड दोन्ही लिहा. दोन्ही! मी तर आता काउंटरचा फोटोच काढते, ओढीच्या आधी एक, नंतर एक.

फेब्रुवारी ते मे मध्ये किनाऱ्याजवळ लाकडाच्या भुशासारखा तपकिरी तवंग दिसतो, ते ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्म जीव, त्यात जाळं दोन मिनिटांत तुंबतं. अशा दिवशी ओढ लहान ठेवा. जेलीफिश भरले तर ते सँपल सरळ टाकून परत घ्या, त्यांना चाळत बसण्यात अर्थ नाही (त्यांचे काटे हातमोज्यातून पण लागतात).

ओढायचं कसं

होडीचा वेग दीड नॉट, म्हणजे माणूस सावकाश चालतो त्याहूनही कमी. ट्रॉलरवाल्या तांडेलाला हे पटवणं कठीण, त्याचं इंजिन एवढ्या हळू चालतच नाही, म्हणून लहान आउटबोर्डची होडी घ्या. वेग वाढला की जाळ्यासमोर पाण्याचा फुगवटा होतो आणि नाजूक लार्व्हा चिरडतात.

वरच्या पाण्याची ओढ: कडं पाण्याच्या जरा खाली, पाच मिनिटं, होडीच्या लाटेपासून बाजूला. तिरकी ओढ: वजन लावून तळाच्या मीटरभर वर सोडायचं आणि हळूहळू वर घेत यायचं, म्हणजे सगळ्या खोलीचं पाणी मिळतं. दोरीचा कोन मोजा, शाळेतला कोनमापक आणि लंबक पुरतो. दोरी उभ्या रेषेपासून ४५ अंश असेल तर खोली म्हणजे दोरीच्या लांबीच्या साधारण ०.७. दहा मीटर खाली जायचं तर चौदा मीटर दोरी. ही साधी गोष्ट न केल्यामुळे "तळाचं सँपल" म्हणून मधल्याच पाण्याचं आणणारे कितीतरी आहेत.

प्रत्येक स्टेशनला निदान दोन, जमलं तर तीन ओढी. लार्व्हा पाण्यात भातासारखे सारखे पसरलेले नसतात, पुंजके असतात, एका ओढीत शंभर आणि लगेच शेजारच्या ओढीत चार हे अगदी नेहमीचं. एकच ओढ घेतलीत तर पुंजका लागला की चुकला एवढंच कळेल.

उथळ कडेला, खारफुटीजवळ हे जाळं चालत नाही. तिथे अर्धा ते एक मिमी जाळीचं ढकलजाळं घ्या, रुंदी मोजा, किती मीटर ढकललं ते टेपने मोजा, रुंदी गुणिले लांबी म्हणजे चौरस मीटर. त्याचा आकडा दर चौरस मीटर असतो, दर घनमीटर नाही, दोन्ही एका ग्राफवर टाकू नका.

जाळं वर आलं की बाहेरच्या बाजूने पाणी मारून धुवा म्हणजे भिंतीला चिकटलेलं डब्यात उतरेल. आतून धुतलंत तर धुण्याच्या पाण्यातले प्राणी पण सँपलमध्ये येतात.

त्याच वेळी पाण्याचं तापमान आणि क्षारता लिहा, वरची आणि तळाची दोन्ही. खिशात मावणारं रिफ्रॅक्टोमीटर पुरतं. पावसात नदीच्या तोंडाला वर गोडं पाणी आणि खाली खारं असे दोन थर असतात, वरचाच आकडा लिहिलात तर पिल्लं गोड्या पाण्यात सापडली असा गैरसमज होतो. बाहेरच्या स्टेशनांवर ऑगस्ट ते ऑक्टोबर तळाच्या पाण्याचा ऑक्सिजन पण मोजा. त्या महिन्यांत खोलवरचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं, दोनापावलाच्या एनआयओवाले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) कांदोळीसमोरच्या ठराविक जागेवर हे वर्षानुवर्षं मोजतायत. तळाला लार्व्हा मिळाले नाहीत तर कारण हे सुद्धा असू शकतं.

बाटलीत भरणं

नऊ भाग सँपल, एक भाग बाजारात मिळतं ते फॉर्मलिन, साधारण चार टक्के फॉर्माल्डिहाइड होतं. फॉर्मलिनमध्ये आधी बोरॅक्स घालून ठेवा, तळाला थोडं न विरघळलेलं दिसेपर्यंत, नाहीतर ते आम्लधर्मी होऊन कवचं खराब करतं. प्लँक्टन बाटलीच्या पाव भागापेक्षा जास्त भरू नका, सडतं. डीएनए करायचा विचार असेल तर दुसऱ्या ओढीचं सँपल ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मलिनमधलं त्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. फॉर्मलिन नाकातोंडात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला, उघड्यावर ओता, कॅन्सरकारक आहे ते.

लेबल ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. मार्कर बाहेरून पुसला जातो. तारीख, वेळ, स्टेशन, वरची की तिरकी ओढ, फ्लोमीटरचे दोन्ही आकडे. हो, ते पण लेबलवर. वही हरवते.

बाटली बंद करायच्या आधी चमचाभर जिवंत सँपल पांढऱ्या बशीत घेऊन मोबाईलने फोटो काढा. पोस्टलार्व्हांच्या अंगावरचे लाल-तपकिरी ठिपके जात ओळखायला कामाचे असतात आणि फॉर्मलिनमध्ये रंग उडतो.

मायक्रोस्कोपखाली कोण कोण

लॅबमध्ये आणल्यावर फॉर्मलिन धुऊन टाका, चिमूटभर रोझ बेंगाल घाला आणि रात्रभर ठेवा. प्राणी गुलाबी होतात, चिखल आणि काडीकचरा तसाच राहतो. डोळ्यांवर उपकार.

सँपल मोठं असेल तर फोल्सम स्प्लिटरने अर्धं, पाव, एक अष्टमांश असं वाटायचं. स्प्लिटर नसेल तर एका भांड्यात ठराविक पाणी करून आकडा आठच्या आकारात ढवळून (गोल ढवळलं की जड प्राणी मध्ये जमतात) मोठ्या तोंडाच्या पिपेटने ठराविक मिली काढायचे. पण पोस्टलार्व्हा कमी असतात आणि मोठे असतात, ते वाटायच्या आधीच सगळ्या सँपलमधून वेचून वेगळे मोजा.

आता ओळख. नॉप्लियस नासपतीच्या आकाराचा, तीन जोड्या पाय, एक डोळ्याचा ठिपका. याला कोपेपॉडचा (प्लँक्टनमधला एक बारीक प्राणी) आणि शिपलासारख्या बार्नॅकलचा नॉप्लियस फसवतो. बार्नॅकलच्याला कपाळाच्या दोन कोपऱ्यांवर शिंगं असतात, शिंग दिसलं की बाजूला. कोपेपॉडचा बहुतेक वेळा लहान आणि गोलसर. सुरुवातीला इथे चुका होणारच, शंका असेल तर "अनिश्चित" असा वेगळा कॉलम ठेवा, जबरदस्ती करू नका.

प्रोटोझोइया बघितला की विसरत नाही. पुढे गोल ढाल, मागे बारीक लांब शरीर, शेवटी दुभंगलेली शेपटी. पहिल्या अवस्थेत डोळे ढालीखाली, दुसऱ्यात डोळ्यांना देठ फुटतात, तिसऱ्यात शेपटीच्या बाजूला पंख्याच्या पाकळ्या दिसायला लागतात. मायसिस सुंगटासारखा दिसतो पण छातीच्या पायांना केसाळ वल्ही असतात, जिवंत असताना डोकं खाली करून मागे मागे पोहतो. पहिल्या मायसिसला पोटाखालचे पाय नाहीत, दुसऱ्याला नुसते कोंब, तिसऱ्याचे लांब होतात. त्या पोटाखालच्या पायांना केस आले आणि तो त्यांच्यावर पोहायला लागला की पोस्टलार्व्हा.

सगळ्यात जास्त घोळ घालतात ते नातेवाईक. गालमो, म्हणजे जवळा, त्याची पिल्लं पण याच सँपलमध्ये, आणि खूप. त्यांच्या प्रोटोझोइयाची ढाल पेनीडपेक्षा जास्त काटेरी असते. मोठ्या गालम्याला मागच्या दोन पायांच्या जोड्याच नसतात. ल्युसिफर नावाचा एक आहे, डोळे आणि तोंड यांच्यामध्ये लांबलचक मान, एकदा बघितला की ओळखता येतो. मग कॅरिडियन झिंगे, ज्यांची मादी अंडी पोटाखाली सांभाळते, त्यांच्या पिल्लांचं अंग कंबरेत वाकलेलं आणि थोडं मोठं पिल्लू असेल तर पोटाच्या दुसऱ्या कड्याची बाजूची पट्टी पहिल्या आणि तिसऱ्या दोघांवर चढलेली. ही खूण बाजारातल्या मोठ्या सुंगटावर आधी बघून घ्या, तिथे उलटं दिसेल, पहिलं कडं दुसऱ्यावर चढलेलं. साफ करताना सहज दिसतं.

जात ओळखायचा हट्ट नॉप्लियसपाशी धरू नका. पोस्टलार्व्हात चोच किती लांब, शेवटच्या कड्यावर बारीक काटे आहेत का, यावरून बऱ्याच वेळा मेटापिनियस की पिनियस इथपर्यंत जाता येतं. त्याच्या पुढे डीएनए किंवा जिवंत वाढवून बघणे. "मेटापिनियस जात" एवढंच लिहिलेला खरा तक्ता मला चालतो, सात जातींची लॅटिन नावं असलेला अंदाजपंचे तक्ता नको.

आकडा काढणं

आता ज्याच्यासाठी एवढं केलं. त्या फ्लोमीटरचं सूत्र असं: दोन रीडिंगमधला फरक गुणिले २६८७३ भागिले ९९९९९९ म्हणजे मीटरमध्ये अंतर (हे साध्या पंख्यासाठी, दुसरा पंखा असेल तर त्याच्या कागदावरचा स्थिरांक घ्या). समजा फरक ८६०० आला. अंतर २३१.१ मीटर. गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ ०.२५, म्हणजे ५७.८ घनमीटर पाणी गाळलं.

एक अष्टमांश भागात २३ मायसिस मिळाले. गुणिले ८, १८४. भागिले ५७.८, दर घनमीटरला ३.१८, आणि लिहायचं १०० घनमीटरला ३१८.

लगेच ताळा करा. दीड नॉट म्हणजे सेकंदाला ०.७७ मीटर, पाच मिनिटांत २३१ मीटर. फ्लोमीटरशी जुळलं. फ्लोमीटरने १२० मीटर दाखवलं असतं तर जाळं तुंबलं होतं किंवा पंख्यात प्लास्टिक अडकलं होतं. मांडवीत प्लास्टिकच अडकतं, बहुतेक वेळा.

आणखी एक गोष्ट, ते २३ फार कमी आहेत. मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ घ्या, ४.८, म्हणजे मोजणीतच २० टक्क्यांची ढिलाई. शंभर मोजले असते तर १० टक्के. म्हणून महत्त्वाच्या अवस्थेचे शंभरेक होईपर्यंत आणखी एक भाग मोजा. कंटाळा येतो, चहा घ्या, परत बसा.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक ओढ आणि एक अवस्था. काही मिळालं नाही तर ० लिहा, सेल रिकामा सोडू नका, आणि गेलाच नाहीत तर रिकामा सोडा, ० लिहू नका. पावसाळ्यातल्या त्या दोन महिन्यांना कुणीतरी शून्य भरतं आणि मग ग्राफमध्ये जून-जुलैला सुंगटांची पिल्लं संपतात! सरासरी काढताना पुंजक्यांमुळे एकच मोठा आकडा सगळं ओढून नेतो, म्हणून आधी प्रत्येक आकड्यात १ मिळवून लॉग घ्या, मग सरासरी. पुंजके किती हे बघायचं तर व्हेरियन्स भागिले सरासरी, एकच्या आसपास आलं तर विखुरलेले, दहा-वीस-पन्नास आलं तर पुंजके. माझ्याकडे एकच्या आसपास कधी आलेलंच नाही.

नकाशावर मांडल्यावर

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, प्रत्येक स्टेशनवर आकड्याएवढा गोल काढा, पण प्रत्येक अवस्थेचा वेगळा नकाशा. नॉप्लियस आणि प्रोटोझोइयाचे गोल बाहेर मोठे, पोस्टलार्व्हाचे आत मोठे, असं दिसलं तर तुमचं काम बरोबर चाललंय. उलटं दिसलं तर आधी ओळख तपासा, मग भरतीची वेळ तपासा, आणि तरीही उलटं असेल तर मात्र मजा आहे, कुणालातरी दाखवा.

ही पिल्लं "आपली" आहेत असं लगेच धरू नका. प्रवाह सेकंदाला १० सेंटीमीटरचा धरला तर दिवसाला साडेआठ किलोमीटर. दोन दिवसांचा नॉप्लियस सतरा किलोमीटर आणि दोन आठवड्यांचं पिल्लू एकशे वीस किलोमीटर लांबून येऊ शकतं, प्रवाह सरळ राहिला तर. आपला सगळा किनारा जेमतेम शंभरेक किलोमीटरचा. पावसाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे जातो, थंडीत उत्तरेकडे वळतो. म्हणजे डिसेंबरात मांडवीत शिरलेली पिल्लं कारवारकडची असतील आणि ऑगस्टमधली वेंगुर्ल्याकडची, पटकन नाही म्हणता येणार नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये तापमान वाढलं म्हणून लार्व्हा वाढले असली वाक्यं घाईने टाकू नका, तापमान, क्षारता, प्रवाह, पाऊस सगळं एकत्रच बदलतं आणि एका वर्षाच्या बारा आकड्यांतून कोण कुणामुळे हे सुटत नाही. निदान दोन वर्षं.

मोजून झालं तरी बाटल्या फेकू नका. दर सहा महिन्यांनी झाकण उघडून पातळी बघा, उडालं असेल तर भर घाला, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळा. माझ्या त्या अकरा बाटल्या अजून लॅबच्या खालच्या कप्प्यात आहेत, मोजणीला उपयोग नाही पण प्रोटोझोइया आणि मायसिस शिकवायला त्यांच्यासारखं सँपल परत मिळालं नाही. स्टेशन २ ची बाटली सगळ्यात चांगली, फक्त आता तिच्यात ४१२ राहिले नसतील, शिकताना पोरांनी बरेच मोडलेत.